मिठाची पुरचुंडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे, एकाला सांगितलं, गेल्याच महिन्यात, पण त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. मग ते सांगितलं असं धरायचं का? बायको गेली, तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलाला नाही. देवापुढे हात जोडले तरी मनातल्या मनात दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिलो. आणि मी काही घुम्या माणूस नाही बरं का. पेणमध्ये कुणालाही विचारा, म्हणतील, फौजी बोलायला बसला की चहा दोनदा गरम करावा लागतो.

बोलून बोलूनच तर घोळ केला. आमच्याकडच्या शाळा मला झेंडावंदनाला बोलावतात. मी कडक इस्त्रीचा कोट चढवतो, पदकं लावतो, आणि एकाहत्तरच्या लढाईतली तीच एक गोष्ट सांगतो. शत्रूच्या मुलखात अडकलेले तीन जवान आणि त्यांना सापडलेली एक अनाथ तान्ही पोर. शेवटाला आलो की आवाज मुद्दाम खाली आणतो. आम्हाला वाटलं पोर गेली, माझा मित्र तिला पुरायला गेला, आणि बघतो तर काय, श्वास चालू. बाया डोळ्यांना पदर लावतात. देवाची करणी, असं मुख्याध्यापक आभार मानताना म्हणतात. मी मान डोलावतो, नारळ आणि शाल घेतो, घरी येतो.

देवाचा त्यात काही संबंध नव्हता हो.

पण सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला मिठाचं कळायचं नाही. मी पेणच्या खाडीकडचा. बाप मिठागरात राबायचा, पायाला भेगा, त्यात मीठ, तरी हसायचा. रजा संपवून पलटणीत परत निघालो की बाकीच्यांच्या आया लाडू बांधून देत. माझी आई फडक्यात जाडं मीठ बांधून द्यायची. का, तर परमुलखातल्या मिठाला चव नसते म्हणे. लंगरात पोरं मला किती हसायची. पाठीवरचा पिट्टू उघडला की ओरडायची, आला बघा मिठाचा व्यापारी.

एकच जण हसला नाही. धोंडू. रोह्याकडचा, कुंडलिका नदीच्या काठी भात आणि मागाहून वाल करणाऱ्या घरातला. पलटणीत आम्ही दोघंच एका मुलखातले, तो मला पेणकर म्हणायचा. जेवायला बसलं की हात पुढे, "पेणकर, मीठ दे जरा." डाळ खारट असली तरी मागायचा. मला वाटतं, ते मीठ त्याला चवीसाठी नको असायचं. घरचं काहीतरी जिभेवर ठेवायचा.

धोंडू हे नाव कशानं पडलं ते त्यानंच मला सांगितलं होतं, पहाऱ्यावर असताना. त्याच्या आधीची चार भावंडं एकामागोमाग गेली. आमच्याकडे एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, मातीत देतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात. मीठ घातल्याशिवाय माती लोटायची नाही. त्याच्या आईनं चार वेळा पदरातून मीठ नेलं. पाचवा झाला तेव्हा तिनं त्याचं नाव धोंडू ठेवलं. म्हणजे यमाला वाटावं, हा दगड आहे, याला नेऊन काय करायचं? हे सांगताना धोंडू विडी ओढत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट सांगत होता. पण मीठ हा शब्द आला की थांबायचा. ते माझ्या ध्यानात राहिलं.

तर लढाई. आमची तुकडी होडीतून नदीपलीकडे गस्तीला निघाली आणि पलीकडच्या काठावरून गोळीबार झाला. होडी बुडाली. बाकीचे मागे फिरले की वाहून गेले, तेव्हा कळलं नाही. आम्ही तिघं नको त्या काठाला लागलो. मी, धोंडू आणि आमचे हवालदारसाहेब, साताऱ्याकडचे, मांडीत गोळी. त्यांना खांद्यावर घेऊन आम्ही एका गावात शिरलो. गाव कसलं, जळून गेलेलं. माणूस नाही, कुत्रं नाही. एका घराच्या अंगणात एक बाई मरून पडली होती आणि तिच्याजवळ कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं. धोंडूनं ते उचललं. वाटलं असेल, एखादी कोंबडी मिळेल.

आत पोर होती. पाच-सहा महिन्यांची असेल. रडून रडून आवाज गेलेला, नुसतं तोंड उघडत होती. आईनं मरता मरता तिला डालग्याखाली सरकवलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. हे लक्षात ठेवा. लपवायचं काम आईनं केलं आणि तेच काम पुढे मीही केलं.

गोठ्याच्या आडोशाला आम्ही राहिलो. जळक्या कणगीच्या तळाला थोडा तांदूळ मिळाला. सकाळी धुकं दाट असायचं, त्यात धूर दिसत नसे, तेवढ्यात पेज करून घ्यायची. पेजेची निवळ काढायची, त्यात माझ्या पुरचुंडीतलं चिमूटभर मीठ टाकायचं, फडक्याचा बोळा करून पोरीच्या तोंडात पिळायचा. पहिल्या दिवशी तिनं ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी बोळा सोडेना. हवालदारसाहेब तापानं फणफणलेले, तरी हसले. मीही हसलो. खरंच सांगतो, त्या सकाळी मलाही ती हवी होती.

धोंडूनं तिचं नाव धोंडी ठेवलं. मी म्हटलं, अरे मुलीचं नाव आहे, जरा बरं ठेव की. तो म्हणाला, "बरी नावं ठेवलेली चार गेली आमच्यातली. हीच जगंल."

आम्ही तिला आळीपाळीनं छातीशी बांधायचो. आणि मग भीती. तळ्याच्या पलीकडे बाजाराची जागा होती, तिथं शत्रूची चौकी बसली. वाऱ्यावर त्यांचं बोलणं ऐकू यायचं, भांडी वाजायची. पोरीला ताप आला, ती कण्हायची. आता ऐकतील, मग ऐकतील... तुम्ही म्हणाल, भीती वाटणारच, त्यात काय एवढं? मीही स्वतःला हेच सांगत आलो. गोल गोल फिरतोय मी, कळतंय मला. बोलतो.

त्या दिवशी पोरीचा ताप उतरला होता. हेच आधी सांगायला हवं होतं. घाबरून, गोंधळून, ती आजारी म्हणून, असलं काही नव्हतं. ताप उतरला होता, अंग गार लागत होतं, सकाळी धोंडूनं तिच्या कपाळाला हात लावून मला तसं सांगितलंही होतं. आणि त्या सकाळी पेज पाजायची पाळी माझी होती. मी तिला रोजच्यापेक्षा जास्त पाजली. पोट तुडुंब भरेपर्यंत. का? तर ती गाढ झोपावी म्हणून. म्हणजे डोक्यात तेव्हाच सगळं ठरलेलं होतं. हात बोळा पिळत होते आणि डोकं दुसरंच मोजत होतं.

मग धुकं विरायच्या आत पाणी आणायला म्हणून तिला छातीशी बांधून तळ्याकडे गेलो. चौकीतले लोक बोलत होते, पण लांब, रोजच्याइतकेच लांब. आमच्याकडे कुणी येत नव्हतं. तळ्याच्या कडेला कापलेल्या भाताची उडवी रचलेली होती, आपल्याकडे रचतात तशीच. मी पेंढ्या बाजूला केल्या, आत जागा केली, पोरीला ठेवलं. वर पेंढा ओढला. ती झोपेत तोंड हलवत होती, बोळा चोखतात तसं. मी पाणी भरलं आणि परत आलो.

आणि म्हणालो, गेली. वाटेतच थंड पडली. तिकडंच उडवीपाशी ठेवली.

हे असं आहे. शाळेतल्या गोष्टीत 'आम्हाला वाटलं पोर गेली' असं येतं ना, ते आम्हाला नाही, त्या दोघांना वाटलं. ते मी त्यांना वाटायला लावलं. मला पक्कं ठाऊक होतं की ती जिवंत आहे.

हवालदारसाहेबांनी डोळे मिटून घेतले. धोंडू माझ्याकडे बघत राहिला. मी पाण्याच्या बाटलीचं बूच लावत होतो, ते लागतच नव्हतं. मग तो उठला, छोटं फावडं घेतलं आणि साहेबांना म्हणाला, "उघड्यावर टाकायचं नाय साहेब. मातीत देऊन येतो." साहेब नको म्हणाले, दिवसाउजेडी जाऊ नको म्हणाले. तो गेलासुद्धा.

तो गेल्यावर मी पिट्टू जवळ ओढला, उगीच, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. आत हात घातला आणि पुरचुंडी लागली. मिठाची.

धोंडूनं मीठ मागितलं नव्हतं.

लढाईत कुठलं आलंय मीठ, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्या आईनं चार पोरांना मीठ घालून माती दिली, जो साध्या डाळीला माझ्यापुढे हात पसरायचा, तो माणूस मेलेल्या पोरीला पुरायला निघतो आणि हातभर अंतरावर असलेलं मीठ मागत नाही? नाही, तो पुरायला गेलाच नव्हता. साहेबांपुढे मला उघडं पाडायचं नव्हतं म्हणून फावडं घेतलं होतं. तो तिला आणायला गेला होता. माझं खोटं त्यानं तिथल्या तिथं ओळखलं होतं.

तेव्हा तरी मी उठावं की नाही? चौकीच्या समोरून तो एकटा गेला, माझ्या खोट्यापायी. धावत जाऊन सांगता आलं असतं, थांब, उडवीच्या कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत आहे, मी आणतो. मी उठलो नाही. पुरचुंडी मुठीत धरून बसून राहिलो. तिकडे एकदा गोळी वाजली. त्या आवाजानंतर माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? की तो मेला तर कुणाला कळणार नाही. हे मी मित्राबद्दल मनात आणलं. धोंडूबद्दल.

तो आला. तळ्याच्या कडेनं पाण्यातून सरपटत आलेला, गळ्यापर्यंत चिखल, आणि पोर डोक्यावर, फेट्यासारखी धरलेली. गोळी चौकीतल्या कुणीतरी पाणकोंबड्यांवर झाडली होती. पोर जागी होती आणि चिखलाचा हात चाटत होती. धोंडू साहेबांना म्हणाला, "पेणकराला कळलं नाय साहेब. धुगधुगी हाय." साहेबांनी मला शिवी दिली, रडता रडता. मूर्खा, नीट बघायचं नाही का, म्हणाले. मी म्हटलं, चुकलंच. एवढंच म्हटलं.

मग धोंडू माझ्याकडे वळला आणि हात पुढे केला. "मीठ दे जरा. पेज करायची हाय."

मी दिलं. मुठीत घामानं त्याचा लगदा झाला होता.

त्यानंतर पुढचे दिवस, आपली फौज नदी ओलांडून आमच्यापर्यंत पोचेपर्यंत, त्यानं पोरीला माझ्या हातात दिलं नाही. भांडला नाही, टोमणा नाही, तोंड फिरवलं नाही. माझ्याशी रोजच्यासारखं बोलायचा. पण माझी पाळी आली आणि मी हात पुढे केले की म्हणायचा, "असू दे, मी हाय." बस्स, इतकंच. एखाद्यानं कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

पोर वाचली. हे खरं आहे, शाळेत सांगतो त्यातलं हे अगदी खरं. साहेबांसोबत तिला आघाडीमागच्या लष्करी इस्पितळात नेलं. साहेब तिथं बरेच महिने होते, पाय वाचला त्यांचा. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, तिथल्या एका नर्सबाईनं तिला घरी नेलंय, नवरा-बायको दोघं तिच्यावर जीव टाकतात, आणि ती रांगायला लागली. रांगते रे ती, असं म्हणून साहेबांनी पलटणीसमोर तळहात जमिनीला टेकवून दाखवलं, कशी रांगते ते. सगळे हसले. धोंडूच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो.

घरी आल्यावर लोकांनी विचारलं, मी सांगितलं. पहिल्यांदा घाबरत सांगितलं, मग सवय झाली. धोंडू कुठं बोलणारा आहे? त्याच्या गावात बहुतेकांना ठाऊकसुद्धा नाही. आणि मी त्याला टाळलं. पेण आणि रोहा म्हणजे काय लांब आहे? मधे नागोठणे आलं की रोहा आलंच समजायचं. फौजेतून सुटल्यावर मला धाटावला एका कंपनीत नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी शिफ्टच्या बसमधून उतरलो तर गेटवर पहारेकरी धोंडू. "आला का पेणकर," म्हणाला, चहा पाजला, डब्यातली भाकरी दिली. दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. बायकोला सांगितलं, केमिकलचा वास सोसत नाही. पुढं पेणच्याच एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलो, आयुष्यभर.

आणि तान्ही मुलं. माझा मुलगा झाला तेव्हा मी त्याला उचललं नाही. चालायला लागेपर्यंत नाही. बायको माझी चेष्टा करायची, तोफेला नाही भ्याला आणि बाळाला भितो म्हणून. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. तिला वाटायचं, राकट हातांचा माणूस आहे, जपतो. तिनं बाळ पुढे केलं की मी हात पाठीमागे न्यायचो. तिच्याकडून हे सुख मी काढून घेतलं आणि तिला कारणही कळू दिलं नाही.

गेल्या महिन्यात फोन आला. धोंडूच्या नातीला मुलगी झाली, बारसं आहे, आजोबांनी सांगितलंय पेणकराला बोलवा. मी नाही म्हणणार होतो. गुडघे दुखतात, हे तोंडावर आलंच होतं. पण तोंडातून निघालं, येतो. दुपारच्या गाडीनं गेलो. डबा जवळजवळ रिकामा. सोबत काय न्यावं सुचेना, म्हणून झबलं घेतलं, आणि निघता निघता घरातलं मूठभर जाडं मीठ फडक्यात बांधलं. का बांधलं, ते मलाही धड सांगता येणार नाही.

बायांनी पाळण्याभोवती गाणी म्हटली, बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं, आत्यानं कानात नाव सांगितलं. काहीतरी छानसं, आजकालचं नाव. घुगऱ्या वाटल्या. मग बाया आत जेवायला बसल्या आणि पडवीत धोंडू, मी आणि त्याच्या मांडीवर ती पोर, एवढेच राहिलो. तो आता फार वाळलाय, कमी ऐकतो. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि बोललो. अलंकार नाही, आवाज खाली-वर नाही. म्हटलं, धोंडू, उडवीत ठेवली तेव्हा ती जिवंत होती. मला ठाऊक होतं.

त्यानं मान हलवली. "व्हय," म्हणाला. पोरीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मग म्हणाला, "मीठ नेलं नव्हतं मी."

मी पुरचुंडी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं गाठ सोडली, एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून चघळत बसला, तरुणपणी बसायचा तसा. मला रडू फुटलं. मी लपवलं नाही. त्यानं माझी समजूत घातली नाही आणि मी माफीही मागितली नाही, कारण जिच्याकडे मागायची ती कुठंतरी पन्नाशी ओलांडून आपल्या नातवंडांत बसली असेल, आणि तिला माझं नावही ठाऊक नसेल.

यंदा शाळेतून बोलावणं आलं की गोष्ट अशीच सांगणार आहे, आत्ता सांगितली तशी. पुढच्या वर्षी बोलावतील, न बोलावतील.

तर, त्या पडवीत मग धोंडू उठायला लागला. एक हात भिंतीला, आणि दुसऱ्या हातानं पोर माझ्याकडे केली. माझे हात सवयीनं मागे गेले. तो तसाच थांबला, पोर पुढे धरून.

"धर धोंडीला," म्हणाला. "मी जेवून येतो."

मी धरली. तो आत गेला, वळूनसुद्धा बघितलं नाही. पोर झोपेत तोंड हलवत होती. माझा पाय बधिर झाला, पाठ भरून आली, पडवीतलं ऊन सरकत सरकत माझ्या तोंडावर आलं. तो जेवून, हात धुऊन, विडी ओढून येईपर्यंत मी हललो नाही.